बॉस्टनच्या जुन्या घराचं अंगण: पैसा कुठे मुरतो आणि काम कोणत्या क्रमाने करावं

अंगणाचं कोटेशन हातात आलं की बहुतेकांची नजर आधी झाडांच्या यादीवर जाते. हायड्रेंजिया किती, बॉक्सवुड किती, जपानी मेपल घ्यायचा की नाही. पण बॉस्टनसारख्या जुन्या आणि थंड शहरात झाडं हा त्या कागदावरचा सगळ्यात लहान आकडा असतो. पैसा जातो तो जमिनीखालच्या खडीत, पाण्याच्या वाटेत, शिशाने बिघडलेल्या मातीत, परवानगीच्या फेऱ्यांत आणि तीन फुटी बोळातून माल आत-बाहेर नेणाऱ्या माणसांच्या मजुरीत. म्हणून क्रमही तसाच ठेवायचा: आधी परवानगी, मग माती, मग पाणी, मग फरसबंदी, आणि झाडं सगळ्यात शेवटी. क्रम उलटला की लावलेली झाडं उपटून खाली नळी टाकायची वेळ येते.

परवानगी: जानेवारीतच सुरुवात

बीकन हिल १९५५ पासून, बॅक बे १९६६ पासून आणि साउथ एंड १९८३ पासून संरक्षित वारसा विभाग आहेत. प्रत्येकाची स्वतंत्र समिती आहे. नियमाचं सूत्र साधारण एकच: सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसतं, त्याला मंजुरी लागते. यात पुढचं कुंपण, लोखंडी रेलिंग, पायऱ्या, दर्शनी बागेची फरसबंदी, दिवे आणि कधीकधी मोठं झाड काढणंही येतं. फसगत होते ती मागच्या अंगणात. बॅक बेमधल्या घरांच्या मागे क्रमांक दिलेल्या सार्वजनिक गल्ल्या आहेत. त्या गल्लीतून दिसणारं अंगण ‘मागचं’ असलं तरी समितीच्या नजरेत येऊ शकतं. तेव्हा ‘आत कोण बघतंय’ असं गृहीत धरून काम सुरू करू नये.

या शहरात विटांचा विषय फार मनाला लावून घेतात. १९४७ साली पालिकेने विटांचे पदपथ उखडायला घेतले, तेव्हा बीकन हिलच्या बायका वेस्ट सीडर स्ट्रीटवर विटांवरच ठाण मांडून बसल्या आणि विटा वाचल्या. त्यामुळे दर्शनी भागात ठसा उमटवलेलं काँक्रीट किंवा चकचकीत विनाइल कुंपण सुचवणारा कंत्राटदार आला, तर त्याने या भागात फारसं काम केलेलं नाही असं समजायला हरकत नाही.

अर्जासोबत सध्याचे फोटो, मोजमापांसह नकाशा, आणि प्रत्येक सामानाचा नमुना किंवा माहितीपत्रक द्यावं लागतं. सुनावण्या सहसा महिन्यातून एकदा होतात, आणि एखादा कागद राहिला की महिना गेला. जे होतं तसंच, त्याच सामानात पुन्हा करायचं असेल, तर मंजुरी बऱ्याचदा सुनावणीशिवाय कार्यालयातूनच मिळते. एप्रिलच्या मध्यावर जमीन मोकळी होते. तेव्हा कुदळ लावायची असेल तर अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जायला हवा.

आणखी तीन गोष्टी इथेच उरकाव्यात. पदपथावरचं झाड तुमच्या दारात असलं तरी तुमचं नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार सार्वजनिक सावलीचं झाड तोडायला जाहीर सुनावणी लागते, आणि त्याची मुळं छाटणंही अंगाशी येऊ शकतं. रस्त्यावर डंपस्टर (राडारोड्याची मोठी पेटी) उभा करायला शहराचा वेगळा परवाना लागतो. आणि खोदण्याआधी ८११ वर, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या आखून देणाऱ्या सेवेला, फोन करायचा. त्याआधी खोदायची जागा पांढऱ्या रंगाने आखून ठेवावी लागते, आणि शनिवार-रविवार व सुट्ट्या सोडून ७२ तास आधी कळवावं लागतं. ही सेवा फुकट आहे. मात्र ती गॅस, वीज वगैरे कंपन्यांच्या मालकीच्या वाहिन्याच दाखवते. मीटरच्या पुढची तुमची खासगी नळी, जुनी मातीची सांडपाण्याची नळी किंवा कोणीतरी पूर्वी टाकलेली दिव्याची तार ती दाखवत नाही.

माती: शिसं तपासल्याशिवाय फावडं नको

अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घराभोवती दशकानुदशकं खरवडलेला रंग मातीत मिसळलेला असतो, शिवाय शिसेयुक्त पेट्रोलच्या धुराचा थर वेगळा. सर्वांत जास्त शिसं भिंतीलगतच्या पट्ट्यात, छपराचं पाणी पडतं तिथे सापडतं. नेमकी हीच जागा लोक मेथी-कोथिंबिरीसाठी निवडतात, कारण भिंतीची ऊब मिळते.

नमुना असा घ्यावा: भिंतीलगतचा पट्टा, मधलं अंगण आणि रस्त्याकडचा भाग यांचे नमुने वेगवेगळे ठेवायचे. प्रत्येक भागातून ८ ते १२ ठिकाणची वरची माती घेऊन एकत्र करायची, सुकवायची आणि एक कपभर पाठवायची. भाजीच्या वाफ्यासाठी ६ ते ८ इंच खोलवरची माती घ्यावी. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाची (युमास अॅमहर्स्ट) माती प्रयोगशाळा साधारण २० डॉलरच्या आसपास नेहमीची तपासणी करून देते आणि त्यात शिशाचा अंदाजही येतो. केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये निवासी मातीसाठीची शिशाची तपासणी-पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर (मातीच्या दहा लाख भागांत शिशाचे भाग) आणली. जुन्या बॉस्टनमध्ये २०० ओलांडणं अगदी सहज घडतं.

आकडा जास्त आला म्हणून सगळी माती उचलून नेण्याची गरज नसते, आणि ते परवडणारंही नाही. तिथे भाजी लावायची नाही, उघडी माती ठेवायची नाही. त्यावर झुडपं, पालापाचोळ्याचं आच्छादन (मल्च) किंवा फरसबंदी करायची. भाजीसाठी खाली जाड जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचं कापड) टाकून त्यावर किमान १२ इंच आणलेल्या स्वच्छ मातीचा उंच वाफा करायचा. वाफ्याला जुन्या रेल्वेच्या लाकडी फळ्या वापरू नयेत, त्यांत क्रिओसोट हे विषारी तेल असतं. २००४ पूर्वीचं हिरवट दिसणारं दाबप्रक्रिया केलेलं लाकूडही नको, त्यात आर्सेनिक असण्याची शक्यता असते. मातीचा सामू ६.५ ते ७ ठेवला तर झाडं शिसं कमी शोषतात. पण पालेभाजीत खरा धोका शोषणापेक्षा पानांवर बसणाऱ्या धुळीचा असतो, म्हणून धुणं महत्त्वाचं.

हाच आकडा खर्चातही डोकावतो. जुन्या बॉस्टनची बरीच जमीन विटांचे तुकडे, कोळशाची राख आणि भरावाची आहे. अशी माती टाकायला सामान्य जागा मिळत नाही, तिची चाचणी मागतात आणि दर वेगळा लावतात. कोटेशनमध्ये ‘माती बाहेर नेणे’ एवढंच लिहिलं असेल, तर दूषित निघाल्यास दर काय, हे आत्ताच लिहून घ्यावं.

पाणी: घरापासून दूर, पण शहराबाहेर नको

बॉस्टनमध्ये वर्षाला सुमारे ४४ इंच पाऊस पडतो, तोही बाराही महिन्यांत विभागून. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे मार्चमध्ये खालची जमीन गोठलेली असते, वरचं पाणी मुरत नाही, आणि तळघराची दगडी भिंत चुन्याच्या सांध्यांवर उभी असते.

नेहमीचा नियम असा की घरापासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच उतरावी. लागून असलेल्या घरांमध्ये १० फूट मिळतच नाहीत. तिथे फरसबंदीला फुटाला पाव इंच, म्हणजे सुमारे २ टक्के उतार देतात आणि पाणी मधल्या किंवा मागच्या जाळीकडे नेतात. मातीची पातळी पायावर टेकलेल्या लाकडी तुळईच्या खाली किमान ८ इंच राहू द्या. वर्षानुवर्षं मल्च ओतत राहिलं की ही फट गुपचूप बुजते आणि लाकूड कुजतं. झुडपं भिंतीपासून १८ ते २४ इंच दूर लावा.

बॅक बेची गोष्ट निराळी. ती भरतीच्या चिखलावर १८५७ च्या सुमारास सुरू झालेल्या भरावाची जमीन आहे. घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब भूजलात बुडालेले असतील तोवर टिकतात. पाणी खाली गेलं की वरच्या टोकांना हवा लागते आणि ते कुजतात. एकेका घराचा पाया सावरायला लाखांनी डॉलर लागू शकतात. यासाठी १९८६ पासून बॉस्टन ग्राउंडवॉटर ट्रस्ट भूजलाची पातळी मोजतो, आणि २००६ पासून पावसाचं पाणी जागेवरच मुरवायला लावणारा, भूजल संवर्धनाचा खास झोनिंग (जमीनवापराचा) नियम आहे. अंगणात नवी फरसबंदी करणंही या नियमाच्या कक्षेत येतं, तेव्हा आधी विचारा. मुरवायचं प्रमाण १ इंच पावसाचं आहे: २०० चौरस फुटांसाठी जेमतेम १७ घनफूट, म्हणजे सुमारे १२५ गॅलन पाणी.

झिरपणारी फरसबंदी हा इथला सोपा उपाय. धूळ नसलेली, एकसारख्या आकाराची पाऊण इंची खडी घेतली तर तिच्यात सुमारे ४० टक्के पोकळी असते, म्हणजे ६ इंचाचा थर २.४ इंच पाणी सामावतो. पण त्यावर हिवाळ्यात वाळू टाकायची नाही, सांधे बुजतात. आणि हे पाणी स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या तळघराच्या भिंतीला लागून मुरवायचं नाही.

फरसबंदी: वीट नव्हे, तिच्याखालची बैठक

इथे पाया गोठणरेषेखाली, म्हणजे ४ फूट खोल न्यावा लागतो. अंगणाची फरसबंदी तेवढी खोल नेता येत नाही, म्हणून ती हलणार हे धरूनच बांधतात. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं हे सर्वांना माहीत असतं, पण खरं नुकसान तेवढ्याने होत नाही. बारीक गाळाची माती खालचं पाणी वर ओढत राहते आणि बर्फाचे पातळ थर एकावर एक जमत जातात. विटा दोन-दोन इंच उचलल्या जातात त्या यामुळे. उपाय म्हणजे पाणी ओढून न घेणारी, निचरा होणारी खडी. विटांखाली दगडाची बारीक भुकटी पसरणं ही इथली सर्वांत सामान्य चूक आहे. काम करताना ती छान बसते, पण पाणी धरून ठेवते आणि दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात फरशी डुगडुगायला लागते.

१० बाय २० फुटांचं, चारही बाजूंनी भिंती असलेलं अंगण घेऊ. म्हणजे २०० चौरस फूट.

खोदाई: ६ इंच खडी, १ इंच वाळू, सव्वादोन इंच वीट, एकूण सव्वानऊ इंच. सुमारे १५४ घनफूट माती निघते आणि सुटी झाल्यावर ती चौथा हिस्सा फुगून १९३ घनफूट, म्हणजे ७ घनयार्डांच्या वर जाते. खाली मऊ चिकणमाती लागली तर ८ ते १० इंच खडी धरा.

जिओटेक्स्टाइल: खोदलेला तळ धुम्मस करून त्यावर विणलेलं कापड, जोडावर १२ इंच एकमेकांवर चढवून. ते नसेल तर खडी मातीत रुतत जाते.

खडी: दाबल्यावर १०० घनफूट हवी, म्हणून सुटी १२० घनफूट मागवा. साधारण साडेचार घनयार्ड, ६ टनांच्या आसपास. ती एकदम न ओतता ३-३ इंचांच्या दोन थरांत टाकायची, किंचित ओली करायची आणि प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर (धुम्मस करणारं यंत्र) किमान चार वेळा फिरवायचा. उतार या थरातच काढायचा. वाळूने उतार साधायचा प्रयत्न केला की वाळू कुठे अर्धा इंच, कुठे दोन इंच होते आणि जाड भाग खचतो.

वाळू: काँक्रीटची जाड, धुतलेली वाळू, १ इंच. दोन पाइप ठेवून फळीने ओढायची. त्यावर चालायचं नाही, ती दाबायचीही नाही.

विटा: ४ बाय ८ इंची वीट चौरस फुटाला साडेचार, म्हणजे ९००, आणि तुटफूट-कापणीसाठी ८ टक्के धरून ९७० च्या आसपास. तिरक्या हेरिंगबोनला (माशाच्या काट्यासारखी मांडणी) १० टक्के धरा. वीट तीव्र हवामानाच्या दर्जाची हवी. एएसटीएम सी ९०२ या अमेरिकी मानकात तिला एसएक्स म्हणतात. जुन्या पाडकामातल्या विटा दिसायला देखण्या असतात, पण त्या बऱ्याचदा भिंतीच्या आतल्या, कमी भाजलेल्या असतात. भिंतीत शंभर वर्षं टिकलेली तीच वीट जमिनीवर ओली होऊन गोठली की पापुद्र्यांनी सुटते.

सांधे: पॉलिमरची (पाणी मारल्यावर घट्ट होणारी) वाळू वापरणार असाल तर फरशी पूर्ण कोरडी हवी, तापमान शून्याच्या वर हवं आणि पुढचे २४ तास पाऊस नको. नोव्हेंबरच्या शेवटी घाईने भरलेले सांधे वसंतात धुऊन जातात. साधी वाळू झाडून भरली तरी चालते, फक्त दरवर्षी थोडी भर घालावी लागते.

आता मजुरीचा हिशेब. बोळातून एकचाकी ढकलगाडीच जात असेल आणि एका खेपेला ३ घनफूट माल धरला, तर माती बाहेर न्यायला ६४ खेपा, खडी आत आणायला ४०, वाळूला ६, विटांना सुमारे १५. एकूण सव्वाशे खेपा. रस्त्यावर गाडी लावायला जागा नसेल तर प्रत्येक खेप लांबते. घरातूनच ये-जा असेल तर लादीवर फळ्या, दारांना पडदे, रोजची सफाई. उपनगरात हेच काम छोटं यंत्र एका दिवसात उरकतं. म्हणून उपनगरातल्या मित्राचा प्रति चौरस फूट दर इथे लावता येत नाही. ढोबळमानाने, वाळूवर बसवलेली वीट शहरात चौरस फुटाला ३० ते ५० डॉलर आणि ब्लूस्टोन (निळसर करड्या दगडाच्या लाद्या) ४० ते ६५ डॉलर धरून बजेट आखा. अरुंद वाट असेल तर वरच्या टोकाचा आकडा धरा.

काँक्रीटच्या पाट्यावर सिमेंटने चिकटवलेला ब्लूस्टोन पहिली दोन वर्षं सुबक दिसतो. पण पाटा गोठणरेषेच्या वर असेल तर त्याला तडा जाणारच, आणि तो दुरुस्त करायचा म्हणजे फोडायचा. वाळूवरची फरशी हलली तर चार विटा उचलून वाळू सारखी करून परत बसवता येते. जुन्या शहरांनी कोरडी फरसबंदी पसंत केली ती याच कारणाने.

खांब आणि अडवणभिंत

कुंपणाचा खांब ४ फूट खोल. काँक्रीट खाली रुंद आणि वर निमुळतं असावं. भूछत्रासारखं वर पसरलं तर गोठणारी माती त्या कडेला धरून अख्खा खांब वर उचलते. चार फुटांहून जास्त माती अडवणारी भिंत असेल तर परवाना आणि अभियंता दोन्ही धरा. कमी उंचीच्या भिंतीतही मागे १२ इंच स्वच्छ खडी आणि तळाशी निचऱ्याची नळी हवीच. भिंतीला पाडतं ते बहुधा मातीचं वजन नसतं, तिच्यात अडकून गोठलेलं पाणी असतं. जुन्या विटांच्या भिंतीचे सांधे भरताना कडक सिमेंट नको. ते विटेपेक्षा टणक असतं, त्यामुळे ओल विटेतून बाहेर पडते आणि विटेचा चेहरा उडतो.

झाडं

अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३ च्या नकाशात (कुठे किती थंडी सोसणारी झाडं जगतात ते दाखवणाऱ्या) शहराचा बराच भाग ७अ विभागात आला आहे, आतली उपनगरं ६ब मध्ये. नकाशा उबदार झाला म्हणून दक्षिणेकडची झाडं आणण्याची घाई नको. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला बॉस्टनचा पारा उणे २३ सेल्सिअसपर्यंत उतरला. मोठ्या पानांच्या निळ्या-गुलाबी हायड्रेंजियाच्या कळ्या आदल्या वर्षीच्या काडीवर असतात. त्या अशा थंडीत जळतात. झुडूप जगतं, पण फुलत नाही. पॅनिक्युलाटा जातीचा हायड्रेंजिया नव्या काडीवर फुलतो, म्हणून तो भरवशाचा. कुंडीत मुळांना जमिनीची ऊब मिळत नाही, तेव्हा कुंडीसाठी दोन विभाग जास्त थंडी सोसणारं झाड निवडा.

जागा ओळखण्याचं उत्तम उदाहरण कॉमनवेल्थ अॅव्हेन्यूवर आहे. १९६० च्या दशकात लॉरा ड्वाइट यांच्या पुढाकाराने तिथे मॅग्नोलिया लागले, तेही उन्हाच्या बाजूला. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत उष्णता साठवते. पण त्याच भिंतीमुळे लवकर फुटलेल्या कळ्या एप्रिलच्या थंडीत सापडतात, हेही ध्यानात ठेवावं.

बॉक्सवुड जुन्या घरांना शोभतं खरं, पण त्याच्यावर बुरशीचा ब्लाइट रोग पसरला आहे. त्याजागी इंकबेरी बरी. नॉर्वे मेपल, जपानी बारबेरी आणि बर्निंग बुश यांची विक्री राज्यात बंद आहे. सदाहरित झाडं सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावावीत. नंतर लावलेल्यांची मुळं गोठण्याआधी रुजत नाहीत आणि हिवाळ्यातलं ऊन-वारं पानातलं पाणी काढून घेतं, त्यामुळे फेब्रुवारीत ती तपकिरी होतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण त्याहून खोल नको. खोडाचा तळाशी रुंद होणारा भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. जमीन गोठेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर अखेरपर्यंत, पाणी चालू ठेवा. कढीपत्ता आणि मोगरा मात्र रात्रीचं तापमान १० सेल्सिअसखाली जाऊ लागलं की लगेच घरात.

बर्फाची जागा आधी ठरवा

सरासरी वर्षात इथे चार फुटांच्या आसपास बर्फ पडतो. २०१४-१५ च्या हंगामात तो ११०.६ इंच होता. बर्फ थांबल्यावर ३ तासांत पदपथावर किमान ४२ इंच रुंद वाट मोकळी करणं मालकाचं काम आहे, आणि तो बर्फ रस्त्यावर ढकलता येत नाही. म्हणजे तो तुमच्याच दर्शनी बागेत येणार. तिथे दरवर्षी जमिनीपर्यंत मरून पुन्हा उगवणारी बहुवर्षायू झाडं किंवा स्विचग्रास लावा, लाडाकोडाची झुडपं नकोत. छपरावरून बर्फ घसरतो त्या पट्ट्यातही तेच.

साधं मीठ उणे ९ सेल्सिअसच्या खाली जवळपास निकामी ठरतं, तरी लोक जास्त-जास्त टाकत राहतात. कॅल्शियम क्लोराइड उणे २९ पर्यंत चालतं, महाग आहे पण कमी लागतं. जुन्या ब्राउनस्टोनच्या (तपकिरी वालुकाश्माच्या) पायऱ्यांवर दोन्ही शक्यतो टाळा. मीठ दगडात शिरून स्फटिक होतं आणि थर सुटतात. तिथे वाळू आणि फावडं. रस्त्यालगत हेमलॉक, व्हाइट पाइन किंवा शुगर मेपल लावू नका, मिठाच्या फवाऱ्याने ते झुरतात. बेबेरी आणि हनीलोकस्ट सोसतात.

करार

घरदुरुस्ती कंत्राटदारांसाठी मॅसॅच्युसेट्समध्ये नोंदणी आणि नुकसानभरपाई निधी आहे. पण बागकाम, कुंपण आणि जमिनीलगतची फरसबंदी त्या कायद्यातून वगळलेली आहे. कंत्राटदार पळाला तर त्या निधीकडे दाद मागता येत नाही. म्हणून विम्याचं प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवा, कामगार भरपाईचा विमा वेगळा पाहा, आणि आगाऊ रक्कम एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नका. कोटेशनमध्ये खडीची खोली इंचांत, थरांची संख्या, विटेचा दर्जा, माती टाकण्याचा दर आणि अनपेक्षित खडक किंवा जुना पाया लागल्यास तासाचा दर लिहिलेला हवा. ‘योग्य बेस’ या शब्दांवर सही करू नये. अनपेक्षितासाठी १५ ते २० टक्के बाजूला ठेवा. शंभर वर्षांच्या अंगणात काहीतरी निघतंच, बऱ्याचदा जुनी विहीर किंवा कोळशाची खोली. हिवाळा उलटल्यावर एप्रिलमध्ये फरशी पाहून द्यायचा ५ ते १० टक्क्यांचा हप्ता राखून ठेवण्यावर कंत्राटदार तयार होतो का, ते विचारून पाहा. त्याच्या उत्तरावरून त्याचा स्वतःच्या बैठकीवर किती भरवसा आहे ते कळतं.

ठिबक किंवा फवाऱ्याची नळी टाकली असेल तर ऑक्टोबर संपण्याआधी तिच्यातलं पाणी कंप्रेसरने बाहेर काढावं लागतं. पॉलिथिलीन नळीला ५० पीएसआयच्या (चौरस इंचावर पौंड) वर दाब देऊ नका, पीव्हीसीला ८० च्या वर नको, आणि एका वेळी एकच विभाग. बाहेरच्या नळाचा पाइप काढून ठेवा. तो जोडलेला राहिला तर न गोठणारा नळही भिंतीच्या आत फुटतो, आणि ते वसंतात पहिल्यांदा नळ सोडल्यावर तळघरातल्या पाण्याने कळतं.